बोट वर करण्याआधी

२९ जून २०२४. बार्बाडोसमधल्या ब्रिजटाउनला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे शेवटचे षटक. दक्षिण आफ्रिकेला सहा चेंडूंत सोळा धावा हव्या होत्या. हार्दिक पंड्याच्या पहिल्याच चेंडूवर डेव्हिड मिलरने समोर उंच फटका मारला आणि लाँग-ऑफच्या सीमारेषेवर सूर्यकुमार यादवने तो पकडला. तोल जातोय म्हटल्यावर त्याने चेंडू हवेत उडवला, रेषेपलीकडे पाऊल टाकले, परत आत आला आणि पुन्हा झेलला. सूर्यकुमार चेंबूरचा. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अणुशक्तीनगर वसाहतीत वाढलेला, तिथल्याच अणुऊर्जा केंद्रीय विद्यालयात शिकलेला. त्या रात्री चेंबूरमध्ये फटाके वाजले नसते तरच नवल.

पण त्या झेलाला एक दुसरी बाजू आहे. मैदानावरचे पंच क्रिस गॅफनी आणि रिचर्ड इलिंगवर्थ यांनी तो निर्णय टीव्ही पंच रिचर्ड केटलबरो यांच्याकडे सोपवला. केटलबरो यांनी वेगवेगळ्या कोनांतून चित्रफीत पाहिली, बूट आणि सीमारेषेची उशी यांच्यातले अंतर तपासले आणि मग मिलरला बाद दिले. आता हाच झेल आझाद मैदानावरच्या एखाद्या शालेय सामन्यात घेतला गेला असे समजा. सीमारेषा म्हणजे चुन्याची पुसट रेघ आणि मधेमधे रोवलेले झेंडे. पंच तिथून साठ-पासष्ट मीटर लांब. कॅमेरा नाही, पडदा नाही, पुन्हा पाहण्याची सोय नाही. अकरा मुले हात वर करून ओरडताहेत, फलंदाज जागचा हलत नाही, आणि झाडाखाली बसलेल्या पालकांनी आपापला निकाल केव्हाच दिलेला आहे.

अशा वेळी पंचाने काय करावे, याचे उत्तर नियमांत आहे. चेंडू हातात असताना क्षेत्ररक्षकाचा कोणताही भाग सीमारेषेला किंवा तिच्या पलीकडच्या जमिनीला लागता कामा नये. आपल्याला दिसले नसेल तर सहकारी पंचाला विचारावे. दोघांनी विचारविनिमय करूनही शंका उरली, तर निर्णय नाबाद. हे तीन टप्पे घोकायला पाच मिनिटे पुरतात. भर उन्हात, गलक्यात, त्याच क्रमाने आणि चेहऱ्यावर गोंधळ न दाखवता ते पार पाडता यावेत यासाठी मात्र काही हंगाम जावे लागतात. या दोहोंमधल्या अंतराला प्रशिक्षण म्हणतात, आणि पुढची सारी प्रकरणे त्या अंतराविषयी आहेत.

मुंबईच्या क्रिकेटचा इतिहास बहुतेक वेळा फलंदाजांच्या नावांनी सांगितला जातो. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी शारदाश्रमसाठी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ती भागीदारी चालली तेवढा सगळा वेळ दोन माणसे उन्हात उभी राहून प्रत्येक षटकाचे सहा चेंडू मोजत होती, नो-बॉल बघत होती, धावा पुऱ्या झाल्या की नाहीत ते पाहत होती. विक्रम अधिकृत ठरतो तो त्यांच्यामुळे आणि गुणलेखकामुळे. हॅरिस शिल्ड, गाइल्स शिल्ड, टाइम्स शिल्ड, पुरुषोत्तम शिल्ड, कांगा लीग ही नावे मुंबईकर अभिमानाने घेतो. या स्पर्धांमधला प्रत्येक सामना कुणीतरी पंच म्हणून उभे राहिले तेव्हाच सुरू झाला आहे, आणि त्या माणसांबद्दल लिहिले गेले आहे ते फारच थोडे.

ही माणसे येतात कुठून? बरीचशी क्रिकेट खेळलेली असतात, पण फार वर जाऊ न शकलेली. बँक, रेल्वे, वीज मंडळ, खत कारखाना, महापालिका असल्या नोकऱ्या सांभाळून शनिवार-रविवार आणि रजेचे दिवस मैदानाला देणारी. चेंबूरसारख्या उपनगराला हे वळण नवे नाही. आरसीएफ या खत कारखान्याचे मैदान, अणुशक्तीनगरची मैदाने, जिमखाना, कंपन्यांचे आणि वसाहतींचे संघ यांमुळे इथे क्रिकेट कायम आहे. मोठे सामने बघायचे किंवा करायचे तर हार्बर लाइनने थेट सीएसएमटी गाठायचे, की स्टेशनाबाहेर जवळच आझाद मैदान. शिवाजी पार्कसाठी कुर्ल्याला गाडी बदलून दादर. पंचाचा पांढरा शर्ट, काळी पँट, टोपी, चेंडू मोजायचा काउंटर, जादा बेल्स, कात्री आणि पाण्याची बाटली घेऊन सकाळी गाडी पकडणारा माणूस याच लोकलमध्ये असतो. तो कोण आहे हे शेजारच्या प्रवाशाला सहसा कळत नाही.

पिलू रिपोर्टर यांची वाट अशीच सुरू झाली. १९३८ साली जन्मलेले रिपोर्टर महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळात नोकरीला होते. बॉम्बे क्रिकेट असोसिएशनला पंच हवे आहेत, अशी जाहिरात त्यांनी पाहिली आणि अर्ज केला. पहिल्या प्रयत्नात ते यशस्वी झाले नाहीत. हे मुद्दाम सांगायला हवे, कारण पहिल्या अपयशानंतर परीक्षेचा नाद सोडून देणारे पुष्कळ असतात. रिपोर्टर यांनी सोडला नाही. पुढे ते १४ कसोटी आणि २२ एकदिवसीय सामन्यांत उभे राहिले, १९९२ च्या विश्वचषकात पंच होते, आणि ३ सप्टेंबर २०२३ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी ठाण्यात वारले. चौकाराची खूण करतानाची त्यांची हाताची लकब एका पिढीला अजून आठवते. त्यांच्या आधी मुंबईचेच माधव गोठोस्कर १९७३ ते १९८३ या काळात १४ कसोट्यांत पंच होते. त्यांनी आपले अनुभव पुस्तकरूपाने लिहून ठेवले आहेत, आणि भारतीय पंचांमध्ये ही गोष्ट दुर्मीळच.

१९८६ हे साल भारतीय पंचगिरीच्या इतिहासात वेगळे वाचावे लागते. सप्टेंबरमध्ये मद्रासला भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी शेवटच्या षटकापर्यंत ताणली गेली. धावसंख्या बरोबरीत असताना ग्रेग मॅथ्यूजच्या पाचव्या चेंडूवर मणिंदर सिंगविरुद्ध पायचीतचे अपील झाले आणि व्ही. विक्रमराजू यांनी बोट वर केले. कसोटी इतिहासातला तो दुसरा ‘टाय’. त्यांच्याबरोबरचे दुसरे पंच होते मुंबईचे दारा दोतीवाला. त्या निर्णयावर आजही वाद होतो, मणिंदर आजही चेंडू बॅटला लागला होता असे सांगतो. विक्रमराजूंना त्यानंतर एकही कसोटी मिळाली नाही. बरोबर की चूक हे ठरवण्याची आज सोय नाही. पण एका क्षणात, हजारो लोकांसमोर, एका माणसाने आपल्याला जे दिसले ते सांगितले, एवढे नक्की. पंच होऊ पाहणाऱ्याने हा प्रसंग जरूर अभ्यासावा. निर्णयाचा परिणाम किती मोठा होणार आहे, याचा विचार निर्णय घेताना मनात येऊ न देणे हीच तर या कामातली सर्वांत अवघड शिस्त आहे.

दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीत पिलू रिपोर्टर आणि हैदराबादचे व्ही. के. रामस्वामी उभे राहिले. इम्रान खानच्या आग्रहामुळे हे घडले. १९१२ च्या इंग्लंडमधल्या तिरंगी स्पर्धेनंतर कसोटीत दोन्ही पंच तिसऱ्या देशाचे असण्याची ही पहिलीच वेळ. त्यातही पाकिस्तानात, भारतीय पंच. यजमान देशाचे पंच पक्षपाती असतात हा आरोप तेव्हा सगळीकडे होत होता, त्यावरचे उत्तर म्हणून मुंबईच्या मैदानांवर घडलेला एक पंच निवडला गेला. तटस्थ पंच ही कल्पना पुढे १९९० च्या दशकात नियमित झाली, आणि २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने एलिट पॅनेल नेमले. त्या पहिल्या पॅनेलवर भारताकडून एस. वेंकटराघवन होते, नंतर एस. रवी, आणि २०२० पासून इंदूरचे नितीन मेनन. इतक्या वर्षांत अवघी तीन नावे. क्रिकेटवेड्या देशासाठी हा आकडा नक्कीच लहान आहे.

लहान का, याचा अंदाज २०२२ च्या एका परीक्षेवरून येतो. त्या जुलैत भारतीय क्रिकेट मंडळाने अहमदाबादला पंचांची लेव्हल-टू परीक्षा घेतली. महिलांचे आणि कनिष्ठ गटांचे सामने करता येतील अशा ‘ड’ गटासाठी, म्हणजे राष्ट्रीय पातळीच्या अगदी पहिल्या पायरीसाठी. एकूण गुण २००: लेखी १००, तोंडी ३५, चित्रफितींवर ३५ आणि शारीरिक क्षमतेचे ३०. पात्रतेसाठी ९० पुरे होते. सुमारे १४० जण बसले आणि तिघे उत्तीर्ण झाले.

त्या प्रश्नपत्रिकेतले काही प्रश्न वर्तमानपत्रांत आले आणि लोकांनी त्यांची गंमत केली. गमतीचे मात्र त्यांत काही नाही. एक प्रश्न असा: पॅव्हिलियनची, झाडाची किंवा क्षेत्ररक्षकाची सावली खेळपट्टीवर पडू लागली आणि फलंदाजाने तक्रार केली, तर काय कराल? उत्तर: इमारतीच्या आणि झाडाच्या सावलीकडे लक्ष द्यायचे नाही, क्षेत्ररक्षकाने मात्र हलू नये, हलला तर तो चेंडू ‘डेड’. दुसरा: गोलंदाजाच्या तर्जनीवर पट्टी आहे, जखम खरी आहे, पट्टी काढली तर रक्त येईल, तरी काढायला सांगाल का? होय, गोलंदाजी करायची असेल तर काढावीच लागेल. तिसरा सगळ्यांत कठीण. फलंदाजाने मारलेला चेंडू शॉर्ट-लेगच्या हेल्मेटमध्ये अडकला, धक्क्याने हेल्मेट डोक्यावरून निसटले आणि जमिनीवर पडण्याआधी क्षेत्ररक्षकाने ते झेलले. बाद की नाबाद? नाबाद. २०१७ च्या संहितेपासून क्षेत्ररक्षकाने घातलेल्या हेल्मेटमध्ये चेंडू अडकला तर झेल मानला जातो. ज्याने एवढाच बदल वाचला आणि ‘घातलेल्या’ या अटीकडे दुर्लक्ष केले, तो इथे हमखास घसरतो.

मेरिलबोन क्रिकेट क्लबने २०१७ मध्ये नव्याने मांडलेल्या संहितेत ४२ नियम आहेत. पायचीत छत्तिसावा, धावबाद अडतिसावा, खेळाडूंच्या वर्तनाचा शेवटचा. बरेच उमेदवार हे ४२ क्रमांक पाठ करून येतात आणि तिथेच थांबतात. लेखी परीक्षा क्रमांक विचारत नाही, ती दोन नियम एकाच चेंडूवर कसे भेटतात ते विचारते. नो-बॉलवर धावबाद, वाइडवर यष्टिचीत, डेड बॉलनंतर फेकलेला चेंडू, धाव घेताना फलंदाजांनी एकमेकांना ओलांडले की नाही. गुणलेखकाला काय सांगायचे ते अशाच ठिकाणी अडते. शिवाय नियम स्थिर नाहीत. २०२२ पासून झेल गेल्यावर नवा फलंदाज स्ट्राइकवर येतो, आधीचे दोघे ओलांडून गेले असले तरी, झेल षटकाच्या अखेरच्या चेंडूवर नसेल तर. सीमारेषेबाहेर हवेत राहून चेंडू पुन्हापुन्हा आत ढकलण्यावर २०२५ मध्ये बंधन आले. सूर्यकुमारचा झेल त्या नव्या नियमातही बसतो, कारण त्याने चेंडू उडवला तोही आत असताना आणि झेलला तोही आत येऊन. दहा वर्षांपूर्वी परीक्षा पास झालेल्या पंचानेही हे दरवर्षी वाचायलाच हवे.

मुंबईत पहिली पायरी मुंबई क्रिकेट असोसिएशनची. असोसिएशन पंचांची परीक्षा जाहीर करते. उमेदवार नियमांची तयारी करतो, लेखी देतो, मग तोंडी आणि प्रात्यक्षिक. उत्तीर्ण झाल्यावर सामने मिळू लागतात, आधी शालेय आणि खालच्या गटांचे. मंडळाच्या परीक्षेचा दरवाजा त्यानंतरचा. खरी शाळा या दोन परीक्षांच्या मधल्या काळात भरते, आणि ती भरते मैदानावर.

आझाद मैदानावर २२ खेळपट्ट्या आहेत. एका सामन्याचा डीप मिडविकेट शेजारच्या सामन्याच्या स्लिपला पाठ लावून उभा असतो. दुसऱ्याच सामन्यातला चेंडू गडगडत आपल्या खेळपट्टीकडे येतो, आणि स्ट्रायकर तयारीत असताना त्याचे लक्ष त्यामुळे विचलित झाले तर पंचाने तत्काळ ‘डेड बॉल’ पुकारायचा असतो. हा नियम लॉर्ड्सवर वर्षानुवर्षे लागणार नाही. आझाद मैदानावर तो सकाळच्या सत्रातच लागतो. इथे हंगाम काढलेल्या पंचाला मोठ्या मैदानावर गोंधळायला फारसे कारण उरत नाही.

आणि मग पावसाळा. डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाने १९४८ मध्ये सुरू झालेली कांगा लीग ऐन पावसात खेळली जाते. खेळपट्टी झाकलेली नसते, चेंडू कधी उसळतो तर कधी घोट्याखालून जातो. सर आली, उन्ह पडले, पुन्हा ढग आले. आता खेळ सुरू करायचा का? एक कर्णधार म्हणतो खेळूया, दुसरा म्हणतो नको, आणि दोघांचीही कारणे गुणतक्त्यावर लिहिलेली असतात. नियम सांगतो की गवत ओले आहे किंवा चेंडू ओला आहे एवढ्यावरून परिस्थिती धोकादायक ठरत नाही. म्हणजे पंचांनी स्वतः चालत जाऊन गोलंदाजाच्या पावलांची जागा पाहायची, टाच रोवून घसरते का ते अजमावायचे आणि दोघांनी मिळून ठरवायचे. वर्गात हे शिकवताच येत नाही.

पायचीतचेही तसेच. ताशी १३० किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत पोचायला साधारण अर्धा सेकंद घेतो. त्याआधीच्या क्षणी पंचाची नजर गोलंदाजाच्या पुढच्या पावलावर असते. ती उचलून चेंडूवर न्यायची, टप्पा पाहायचा, पॅडला कुठे लागला ते पाहायचे, बॅटचा आवाज आला का ते ऐकायचे. मग प्रश्न ठरलेल्या क्रमाने. चेंडू वैध होता का? लेगस्टंपच्या बाहेर टप्पा पडला का? आधी बॅटला लागला का? पायाला लागला तो यष्टींच्या रेषेत का? ऑफच्या बाहेर लागला असेल तर फलंदाजाने फटका मारायचा खरा प्रयत्न केला होता का? आणि शेवटी, यष्टींवर गेला असता का? ज्या उत्तराने नाबाद ठरते, तिथेच विचार थांबला पाहिजे. नवा पंच शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण गोलंदाज तोच प्रश्न ओरडून विचारत असतो. अनुभवी पंच अपिलानंतर एक श्वास घेऊन मगच उत्तर देतो. त्या एका श्वासात क्रम पुरा होतो. हा क्रम विणकामातल्या टाक्यांसारखा हाताला लागावा लागतो. मोजत बसलात तर टाका सुटतो.

उभे राहण्याच्या जागेलाही शास्त्र आहे. फटका लागल्यावर पंचाने सहसा चेंडू गेला त्या बाजूला सरकावे, म्हणजे चेंडू आणि क्रीज दोन्ही नजरेच्या टप्प्यात राहतात. धावबादसाठी क्रीजच्या रेषेत, पुरेसे लांब. स्क्वेअर लेगच्या पंचाला मावळतीचे ऊन डोळ्यांवर येत असेल तर त्याने पॉइंटला जावे, मात्र क्षेत्ररक्षण करणाऱ्या कर्णधाराला, स्ट्रायकरला आणि सहकारी पंचाला सांगून. अंगावर येणाऱ्या चेंडूचे भानही हवे. मुंबईचे पश्चिम पाठक २०१५ मध्ये विजय हजारे करंडकाच्या सामन्यात हेल्मेट घालून उभे राहिले, तेव्हा ते चित्र अनेकांना अनोळखी वाटले. फटक्यांची ताकद पाहता ते रास्तच होते.

नियमाची अक्षरे आणि खेळाची वृत्ती कुठे भेटतात, हे समजून घ्यायला फेब्रुवारी १९८० ची वानखेडेवरची सुवर्णमहोत्सवी कसोटी घ्यावी. इंग्लंड अडचणीत असताना बॉब टेलरला पंच हनुमंत राव यांनी यष्टिरक्षकाकरवी झेलबाद दिले. चेंडू बॅटला लागलेला नाही याची खात्री असलेल्या कर्णधार गुंडप्पा विश्वनाथने अपील मागे घेऊन त्याला परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावा जोडल्या आणि भारत सामना हरला. विश्वनाथचे कौतुक होते आणि व्हावेही. पंचाच्या बाजूने पाहणारा मात्र आणखी एक गोष्ट टिपतो. नियमानुसार कर्णधाराला अपील मागे घेता येते, पण पंचाची संमती घेऊन आणि पुढचा चेंडू खेळात येण्याआधी. आपला निर्णय चुकला असे जाहीरपणे दिसत असताना ती संमती देणे, आणि पुढच्या चेंडूला पुन्हा तितक्याच एकाग्रतेने उभे राहणे, याला मोठे मन लागते.

तंत्रज्ञानाने यातले बरेच ओझे वरच्या पातळीवर हलके केले. नोव्हेंबर १९९२ मध्ये डरबनला टीव्ही पंचाने धावबाद दिलेला पहिला फलंदाज सचिन तेंडुलकर होता, मुंबईच्या कॅमेराविरहित मैदानांवर वाढलेला. मैदानी क्रिकेटमध्ये आजही तेच दोन डोळे आणि तेच दोन कान.

या क्षेत्रात येण्याचा आणखी एक दरवाजा आहे, गुणलेखनाचा. नवी मुंबईच्या वृंदा राठी आधी गुणलेखक होत्या. न्यूझीलंडच्या पंच कॅथी क्रॉस यांना पाहून पंच होण्याची इच्छा त्यांच्या मनात पक्की झाली. मुंबई असोसिएशनची परीक्षा, मग मंडळाची परीक्षा असे टप्पे ओलांडून २०२० मध्ये त्या आणि एन. जननी आंतरराष्ट्रीय परिषदेच्या डेव्हलपमेंट पॅनेलवर आल्या. जानेवारी २०२३ मध्ये रणजी करंडकात प्रथमच महिला पंच उभ्या राहिल्या. जननी आणि गायत्री वेणुगोपालन यांच्याबरोबर राठीही त्या तिघींपैकी एक. त्यांचा सामना गोव्यात पर्वरीला होता, गोवा विरुद्ध पुदुचेरी. चेंबूर-गोवंडी-मानखुर्दच्या मैदानांवर आज मुली मोठ्या संख्येने खेळताना दिसतात. त्यांतल्या काहींना तरी खेळणे थांबल्यावर ही वाट खुली आहे हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवे.

पैशांबद्दलही उघड बोलावे. २०२२ च्या सुमारास मंडळाच्या वरच्या गटांतल्या पंचांना देशांतर्गत सामन्यासाठी दिवसाला ४० हजार आणि खालच्या गटांना ३० हजार रुपये मिळत असल्याचे प्रसिद्ध झाले होते. तिथवर पोचणारे थोडे. बाकीच्यांसाठी हे काम नोकरीला जोडूनच राहते, आणि घरच्यांनी रविवार सोडून द्यायची तयारी ठेवावी लागते.

पुढच्या प्रकरणांची सुरुवात पायचीतपासून केलेली नाही, हे उमेदवारांना कदाचित खटकेल. सुरुवात आहे दुसऱ्या नियमापासून, खुद्द पंचांच्या नियमापासून: सामन्याच्या किमान ४५ मिनिटे आधी मैदानावर हजर राहणे, यष्टी आणि क्रीजची मापे तपासणे, घड्याळ कोणाचे धरायचे ते ठरवणे, स्पर्धेच्या खास अटी दोन्ही कर्णधारांशी बोलून घेणे. त्यानंतर खुणा, आणि प्रत्येक खुणेला गुणलेखकाने हात वर करून उत्तर देईपर्यंत थांबण्याची सवय. मग डेड बॉल, नो-बॉल, वाइड. पायचीत बऱ्याच पानांनंतर येते. तिथे पोचण्याआधी वाचकाने जवळच्या मैदानावर दोन-चार पूर्ण सामने गुणलेखकाच्या टेबलाशी बसून पाहावेत, हातात वही घेऊन.